प्रक्रिया-संकेत

संगणकात चालू असलेल्या प्रक्रियेला एखादी घटना कळविण्यासाठी किंवा तिचे काम थांबविण्यासाठी प्रचालन प्रणालीमार्फत पाठविलेल्या लघुसूचनेस ‘प्रक्रिया-संकेत’ म्हणतात. कार्यवाहीत असलेला कार्यक्रम म्हणजे प्रक्रिया होय. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये युनिक्स प्रणालीच्या विकासास प्रारंभ केला. संकेतांची ही पद्धत त्या प्रणालीतून रूढ झाली व १९८८ च्या पॉझिक्स मानकात तिचा समावेश झाला.

युनिक्समध्ये ‘फोर्क’ या आज्ञेने एक प्रक्रिया स्वतःची प्रतिकृती निर्माण करते. मूळ प्रक्रियेस जनक व नव्या प्रक्रियेस अपत्य म्हणतात. अपत्याचा क्रमांक जनकाला मिळत असल्याने त्याला संकेत पाठविता येतो. त्यासाठीच्या आज्ञेचे नाव ‘किल’ असले, तरी प्रत्येक संकेत घातक नसतो.

समाप्तीच्या दृष्टीने तीन संकेत महत्त्वाचे आहेत. कळफलकावरील कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यास सिगइंट (क्रमांक २) हा व्यत्ययसंकेत सामान्यतः अग्रभागी चालू असलेल्या संपूर्ण प्रक्रियागटाला जातो. सिगटर्म (१५) ही समाप्तीची विनंती होय. हे दोन्ही संकेत प्रक्रियेला स्वतः हाताळता येतात. त्यामुळे अपुरे लेखन पूर्ण करून व तात्पुरत्या फायली काढून टाकून ती व्यवस्थितपणे थांबू शकते. तसेच ती संकेताकडे दुर्लक्षही करू शकते. सिगकिल (९) मात्र अडविता येत नाही. त्यात आवराआवरीस संधी नसल्याने माहिती अर्धवट राहण्याचा धोका असतो. म्हणून प्रथम सिगटर्म पाठवून काही काळ वाट पाहावी व प्रक्रिया न थांबल्यासच सिगकिल वापरावा, असा प्रघात आहे. डॉकर या साधनात हा अवधी सामान्यतः १० सेकंद असतो.

केवळ जनकाला पाठविलेला सिगटर्म अपत्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. जनक प्रक्रिया संपल्यावरही अपत्ये अनाथ स्थितीत चालू राहू शकतात. सामान्यतः क्रमांक १ ची प्रक्रिया त्यांची जनक बनते. हे टाळण्यासाठी अपत्यांचा स्वतंत्र गट करून त्या गटाच्या क्रमांकापूर्वी ऋण चिन्ह देतात व सर्वांना एकदम संकेत पाठवितात.

अपत्य संपल्यावर जनकाला सिगचाइल्ड हा संकेत मिळतो. जनकाने ‘वेट’ या आज्ञेने दखल घेईपर्यंत संपलेल्या अपत्याची नोंद प्रक्रिया-सूचीत राहते; अशा अपत्यास ‘झाँबी’ म्हणतात. ते आधीच मृत असल्याने सिगकिलचाही त्यावर परिणाम होत नाही. अशा नोंदी फार साचल्यास नवीन प्रक्रिया सुरू करणे अशक्य होते. यास्तव अपत्य निर्माण करणाऱ्या कार्यक्रमातच त्याच्या समाप्तीची व तिची दखल घेण्याची तरतूद असणे आवश्यक ठरते.