मुकुंदवाडीची पाटी : ग्राफिक डिझायनरचा व्यवसाय आणि मराठीचा लिपिव्यवहार

भाषेच्या अभ्यासात उच्चारित रूपास प्राधान्य आणि लिखित रूपास गौण स्थान देण्याची परंपरा आहे. तात्त्विक दृष्ट्या ती योग्यच होय. तथापि समाजाचा भाषाव्यवहार ज्या अक्षरांतून नित्य डोळ्यांपुढे येतो ती अक्षरे कोण घडवितो आणि घडविताना त्यास कोणत्या अडचणी येतात, हा प्रश्न त्यामुळे उपेक्षित राहतो. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, निवडणुकीचे पत्रक, औषधाच्या खोक्यावरील सूचना यांची अक्षररचना आज ग्राफिक डिझायनर करतो. त्याच्या कामातील वैताग हा केवळ कलावंताच्या लहरीचा भाग नसून त्यातील बराचसा भाग भाषिक स्वरूपाचा असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडी ही वस्ती घ्यावी. जालना रस्त्यालगतच्या या वस्तीच्या शेजारी सिडकोची नियोजित वसाहत आणि चिकलठाण्याचे औद्योगिक क्षेत्र आहे. याच नावाचे रेल्वेस्थानकही येथे आहे. अशा वस्तीत एखाद्या गाळ्यात संगणक मांडून बसणाऱ्या व्यवसायीकडे येणारे काम नाना प्रकारचे असते. लग्नसराईत पत्रिका, शिवजयंती, १४ एप्रिल आणि गणेशोत्सव या निमित्तांचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, लघुउद्योगांची बोधचिन्हे आणि वेष्टने, हे त्याचे वर्षभराचे चक्र होय. काम संध्याकाळी सांगितले जाते आणि सकाळी हवे असते. ‘काहीतरी वेगळे करा’ अशी मागणी असते. पण वेगळे केल्यावर शेजारच्या दुकानासारखेच हवे होते, असे कळते.

प्रेरणास्थानांची मात्र उणीव नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील रेषा, पैठणीच्या पदरावरील मोर, हिमरूच्या वेलबुट्ट्या, उर्दू पाट्यांवरील नस्तालीकाची उतरती लय आणि जुन्या रंगाऱ्यांनी कुंचल्याने रंगविलेली अक्षरे हे सारे एकाच परिसरात आढळते. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या या शहरात दोन लिपी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. ज्यास अक्षराचा डोळा आहे त्यास येथे शिकण्याजोगे पुष्कळ आहे. अडचण सुरू होते ती या संस्कारांना मराठी मजकुराचे रूप देताना.

प्रथम ‘मुकुंदवाडी’ हाच शब्द पाहू. यात पाच अक्षरे आहेत. दोन उकार अक्षरांच्या खाली उतरतात. अनुस्वार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात. म्हणजे देवनागरी शब्द तीन पट्ट्यांत वसतो : शिरोरेषेवरचा, मधला आणि खालचा. हेच नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहिल्यास सर्व अक्षरे एकाच उंचीची होतात. दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असा नियम महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने अधिक व्यापक झाला. उद्देश स्पष्ट आहे. परंतु आकार मोजावयाचा कसा? वरची वेलांटी ते खालचा उकार हे अंतर रोमन अक्षराच्या उंचीइतके धरले, तर व्यंजनाचे मुख्य अंग मधल्या पट्ट्यात आक्रसते आणि मराठी नाव डोळ्यांस लहानच दिसते. मधला पट्टा रोमन अक्षराबरोबर ठेवला, तरच दोन्ही समान वाटतात. मात्र मग पाटीची उंची वाढवावी लागते, आणि फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. लिपीची रचना आणि गिऱ्हाइकाचा हिशेब यांचा झगडा असा रोजचाच आहे.

दुसरी अडचण अर्थाची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’त रेफामुळे आधीचे अक्षर गुरू होते, तर ‘दऱ्या’त ‘र’ पुढील ‘य’शी जोडून उच्चारला जात असल्याने आधीचे अक्षर लघूच राहते. उच्चारातील हा भेद दाखविण्यास मराठीने स्वतंत्र चिन्ह राखले आहे. संगणकावर ‘र’ला हलन्त जोडून ‘य’ लिहिल्यास आपोआप रफार उमटतो. दुसऱ्या रूपासाठी निराळी कळयोजना ठाऊक असावी लागते. परिणामी बी-बियाण्यांच्या पत्रकावर ‘शेतकऱ्यांसाठी’ऐवजी ‘शेतकर्यांसाठी’ असे छापले जाते. ज्याच्यासाठी पत्रक काढावयाचे त्याचेच नाव त्यात चुकते. डिझायनरने चूक दाखविली, तर ‘वाचणाऱ्याला कळते’ हे उत्तर ठरलेले असते.

तिसरी अडचण ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाची. मराठी शाळेत शिकविला जाणारा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून भिन्न आहेत. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ही वळणे मान्य केली आहेत. परंतु युनिकोड या संकेतप्रणालीत दोन्ही वळणांस संकेत एकच आहे. कारण अक्षर एक, वळणे दोन, अशी तिची भूमिका आहे. ती तर्कदृष्ट्या बरोबरच आहे. कोणते वळण दाखवावयाचे हे मजकुराच्या भाषेच्या नोंदीवरून ठरावे, अशी सोय काही टंकांत केलेली असते. म्हणजे टंकात मराठी वळण असूनही, मजकूर मराठी आहे हे संगणकास कोणी सांगितले नाही, तर हिंदी वळणच उमटते. आई-आजीच्या हस्ताक्षरात पाहिलेले ‘ल’ लग्नपत्रिकेत का दिसत नाही, हे गिऱ्हाइकास सांगता येत नाही. काहीतरी परके वाटते एवढेच तो म्हणतो. तेथे डिझायनर हाताने अक्षर बदलीत बसतो, आणि या श्रमाचा मोबदला कोणत्याही बिलात लिहिता येत नाही.

येथे एक ऐतिहासिक तुलना उद्बोधक ठरेल. धातूच्या खिळ्यांच्या काळात देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे खिळ्यांची संख्या फार वाढे. यंत्रास सोयीची व्हावी म्हणून लिपीच बदलण्याचे प्रयत्न झाले. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे देण्याची शिफारस केली. ती समाजात रुजली नाही. आजचे यंत्र हवे ते रूप उमटवू शकते. त्यास केवळ भाषा कोणती हे सांगावे लागते. अर्थात पूर्वी जी अडचण यांत्रिक होती ती आता भाषिक झाली आहे.

शिवाय जुन्या संगणकीय टंकांचा वारसा आहेच. युनिकोडपूर्वी निरनिराळ्या टंकनिर्मात्यांनी आपापले संकेत वापरले. त्या टंकांत सुबक वळणे असल्याने अनेक मुद्रणालयांत ते टिकून आहेत. परंतु युनिकोडमधील मजकूर त्यांत नेताना जोडाक्षरे मोडण्याचा धोका असतो.

नामांतरानेही या व्यवसायास एक धडा दिला. २०२३ मध्ये शहराचे नाव औरंगाबाद जाऊन छत्रपती संभाजीनगर झाले. ‘औरंगाबाद’ या नावात पाच अक्षरे, तर नव्या नावात दहा. पाच अक्षरांच्या मापाने आखलेल्या बोधचिन्हांत आणि शिक्क्यांत दहा अक्षरे बसविताना अक्षर बारीक करावे, दोन ओळी कराव्यात की रचनाच नव्याने करावी, हा निर्णय डिझायनरकडे आला. ओळी दोन केल्या, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या परस्परांत अडकणार नाहीत, हे पाहावे लागते. ‘छत्रपती’त उकार नाही, हे त्यातल्या त्यात सुदैव.

या अडचणींतून मार्ग निघू शकतो, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेल्या शीर्षकांत नाटकाची प्रकृती अक्षरांच्या वळणातून व्यक्त होई. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखनाच्या अभ्यासातून संगणकासाठी देवनागरी टंक सिद्ध केले; मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ हा त्यांपैकीच. एकाने कुंचला आणि दुसऱ्याने कुंचल्याबरोबर संगणकही हाती घेतला. पण अक्षर हे भाषेचे अंग आहे, ही जाणीव दोघांच्याही कामात दिसते.

सारांश, मुकुंदवाडीतील गाळ्यात बसलेला डिझायनर रोज जे निर्णय घेतो ते अक्षरवळणाचे, उच्चारभेदाचे आणि शब्दाच्या दृश्य लांबीचे निर्णय आहेत. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ते तो मांडू शकत नाही. परंतु त्यांचे परिणाम हजारो वाचकांच्या डोळ्यांवर होतात. ज्या वळणाची मागणीच उरत नाही ते टंकातून आणि पुढे हातातूनही जाते. म्हणून लेखनविषयक नियम करणाऱ्यांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी या गाळ्याची पायरी चढणे अगत्याचे आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द पत्रकावर शुद्ध उमटावा, यासाठी नियम, टंक आणि कळफलक यांचा मेळ घालावा लागेल. आणि तो मेळ कोठे बिघडतो, हे सर्वांत आधी त्या डिझायनरलाच कळते.