तिकिटामागची माणसे

गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस उज्जैनला जाण्याचा योग आला. शिंद्यांच्या राजवटीपासून तेथे वसलेली मराठी कुटुंबे आजही आहेत. अशाच एका घरी आमचा मुक्काम होता. यजमान नव्वदीला टेकलेले, निवृत्त शिक्षक. सायंकाळी पावसाने झोड उठवली, दिवे गेले, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. तीत टपालाची जुनी तिकिटे होती. बालपणी आम्हांलाही हा छंद होता, म्हणून आम्ही सहज विचारले, "ह्यांतले सर्वांत किमती कोणते?" ते हसून म्हणाले, "फादर, किंमत पुस्तकात छापलेली असते. आधी गोष्टी ऐका."

पहिल्या तिकिटावर पंचम जॉर्ज बादशहांचा मुखवटा होता, आणि त्याच्यावरच नागरीत छापलेली अक्षरे : 'ग्वालियर'. उज्जैन १९४८ पर्यंत ग्वाल्हेर संस्थानात होते. त्या काळी कित्येक संस्थानांची तिकिटे त्यांच्या हद्दीबाहेर चालत नसत. ग्वाल्हेरने मात्र ब्रिटिश सरकारशी टपालाचा करार केला होता. त्यामुळे १८८५ पासून हिंदुस्थान सरकारच्याच तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून मिळे, आणि त्या तिकिटाचे पत्र देशात कोठेही पोचे. यजमानांचे वडील नोकरीसाठी कोकणातून उज्जैनला आले होते. ते दरमहा आपल्या आईला पत्र लिहीत. आईला वाचता येत नसे. परंतु तिकिटावरची ती चार अक्षरे ती चित्रासारखी ओळखी. ती दिसली की मुलगा सुखरूप आहे, हे पत्र फोडण्याआधीच तिला कळे. ती वारली तेव्हा तिच्या ट्रंकेत सगळी पाकिटे ओळीने लावलेली सापडली.

यजमानांच्या पत्नी आतापर्यंत ऐकत बसल्या होत्या. त्यांनी स्वतः पुढचे पान उलटले. तेथे १९६० साली कालिदासाच्या स्मरणार्थ निघालेले पंधरा नव्या पैशांचे तिकीट होते. मेघाला हात जोडून विनवणारा यक्ष त्यावर चितारला आहे. हा विरही यक्ष रामगिरीवर राहतो. नागपूरजवळचे रामटेक तेच रामगिरी, असे पुष्कळ जण मानतात. तेथून तो मेघाबरोबर आपल्या पत्नीला निरोप धाडतो आणि त्याला बजावतो, की वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी पाहिल्यावाचून जाऊ नकोस. लग्नानंतर ह्या बाई दोन वर्षे रामटेकच्या बाजूस शिक्षिका होत्या आणि यजमान उज्जैनला. "माझी पत्रे मेघाच्याच वाटेने येत," त्या म्हणाल्या, "फक्त मेघापेक्षा पोस्टमन अधिक वक्तशीर होता." ह्या वयातही यजमान लाजले.

शेजारच्या एक बाई पावसातून छत्री सावरीत आल्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले तिकीट आमच्यापुढे ठेवले. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १८ एप्रिल १९५८ रोजी ते निघाले. त्या दिवशी महर्षी स्वतः हयात होते. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर जिवंतपणी झळकलेले ते पहिले पुरुष. बाईंच्या आजीला कोवळ्या वयात वैधव्य आले होते. हिंगण्याच्या आश्रमात ती शिकली, मास्तरीण झाली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तिकीट निघाल्याचे कळताच म्हातारी पोस्टात गेली आणि एक विकत घेऊन आली. घरच्यांनी विचारले, "पत्र कोणाला लिहायचे?" ती म्हणाली, "कोणालाच नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर काळा शिक्का मला पाहवणार नाही." ते तिकीट आजही कोरे आहे.

मग सर्वांची दृष्टी आमच्याकडे वळली. आमच्यापाशीही एक तिकीट आहे. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी मुंबईत उतरले. त्याच दिवशी आपल्या टपालखात्याने संत थोमाचे पंधरा पैशांचे तिकीट काढले. इटलीतील ओर्तोनाच्या महामंदिरातल्या पुतळ्यावरून ते चित्र घेतले आहे. आमचे आजोबा त्या दिवसांत मुंबईत होते आणि तेच तिकीट लावून त्यांनी आजीला पत्र धाडले. आजीने ते पेटीच्या तळाशी जपले. पुढे आजोबा गेले. आम्ही दहा वर्षांचे असताना, तिकिटे जमवण्याच्या वेडात, न विचारता ते पत्र काढले, तिकीट वाटीभर पाण्यात सोडवून घेतले, आणि पाकीट पत्रासकट बंबात घातले. आजी रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "पत्र कुठे ठेवलंस, बाळा?" आजोबांनी त्या गर्दीत काय पाहिले, रात्री कोठे निजले, घरी कोणाकोणाची चौकशी केली, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. तिकीट आहे, त्यावर शिक्क्याचा एक कोपरा आहे, बाकी सारे राख झाले.

आम्ही बोलायचे थांबलो तेव्हा यजमानांनी वही मिटली आणि हळूच म्हणाले, "फादर, हेही लिहून ठेवा. तिकिटाशेजारीच."

वाचकहो, आता पोस्टमन क्वचितच घरगुती पत्र आणतो. निरोप मोबाइलवर येतात आणि पुसलेही जातात. म्हणून घरोघरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पुस्तकांच्या पानांत जी थोडी पत्रे राहिली असतील, ती मोलाची आहेत. मुलांना तिकिटांचा छंद अवश्य लावा. परंतु जुन्या पाकिटावरचे तिकीट सोडवू देऊ नका. पाकीट अखंड ठेवा, म्हणजे गावाचा शिक्का, तारीख आणि हस्ताक्षर ही तिन्ही राहतात. ओल व कसर लागू नये म्हणून ते कोरड्या जागी, स्वच्छ कागदात ठेवा. आणि पत्र कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर टिपा व पाकिटासोबत ठेवा. हे काम येत्या रविवारी दुपारी करता येईल. ते पुढे ढकलू नका. सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.