चाळीस क्रेडिट्स पुरी कराच!

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत पन्नाशीनंतर अमेरिकेत आलेले बरेच जण भेटतात. कुणी भावाने, कुणी मुलीने केलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड घेऊन आलेले. मीही त्यांतलाच. मुले मिळवती झाली की "बाबा, आता कशाला राबता?" हा प्रेमळ आग्रह घरोघरी सुरू होतो. त्याला होकार देण्यापूर्वी एक हिशेब जरूर मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

सोशल सिक्युरिटीचे पेन्शन स्वतःच्या नावावर मिळण्यासाठी 40 क्रेडिट्स लागतात. वर्षाला जास्तीत जास्त 4 मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षे झाली. 39 भरली तर पेन्शन थोडे कमी मिळते असे नाही. मुळीच मिळत नाही! भारतातल्या नोकरीची वर्षेही यात धरत नाहीत, कारण दोन्ही देशांत तसा करार झालेला नाही.

मी डिसेंबर 2014 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी इथे आलो आणि जानेवारीपासून एका दुकानात कामाला लागलो. 2023 अखेर माझी 36 क्रेडिट्स झाली होती. गुडघे कुरकुरत होते, मुलगा नोकरी सोडा म्हणत होता. तेव्हा नियम नीट वाचले. क्रेडिट महिन्यांवर नव्हे, कमाईवर मिळते. 2024 साली एका क्रेडिटला 1,730 डॉलर, म्हणजे चारही क्रेडिट्सना 6,920 डॉलर वर्षभरात मिळवणे पुरेसे होते. (ही रक्कम बहुधा दरवर्षी थोडी वाढते.) मी आठवड्यातून तीनच दिवस काम ठेवले आणि वर्षअखेर चाळिशी गाठली.

याचा लाभ एकट्या मला नाही. 65 व्या वर्षी मेडिकेअरचा हॉस्पिटलसाठीचा भाग 'ए' मला विनाहप्ता मिळतो आणि माझ्या क्रेडिट्सवर, वेळ आली की, सौभाग्यवतींनाही. 2025 साली 30 पेक्षा कमी क्रेडिट्स असणाऱ्यांना त्यासाठी महिना 518 डॉलर, तर 30 ते 39 असणाऱ्यांना 285 डॉलर पडत होते. शिवाय महागाईनुसार पेन्शन वाढते. 2023 साली ही वाढ 8.7 टक्के होती. बँकेतली ठेव आपण होऊन अशी वाढत नाही.

दोन सूचना. रोख घेतलेला, कुठेही न दाखवलेला पगार क्रेडिट देत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटीची कपात दिसलीच पाहिजे. घरून डबे देणाऱ्या किंवा शिकवण्या घेणाऱ्या भगिनींनी निव्वळ उत्पन्न वर्षाला 400 डॉलर झाले की टॅक्स रिटर्नमध्ये दाखवून स्वयंरोजगाराचा कर भरावा. तो साधारण 15.3 टक्के, म्हणून जड वाटतो. पण त्यातूनच क्रेडिट्स जमतात.

दुसरे, पेन्शनची घाई नको. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन 67 व्या वर्षी मिळते. 62 व्या वर्षीच सुरू केले तर ते 30 टक्के कमी होते आणि ही कपात कायमची राहते.

या शनिवार-रविवारी मुलांना कॉम्प्युटरवर बसवून सोशल सिक्युरिटीच्या सरकारी संकेतस्थळावर आपले खाते उघडा आणि एकेका वर्षाची कमाई तपासा. एखादे वर्ष गाळलेले आढळले तर जुने डब्ल्यू-2 कागद घेऊन कार्यालय गाठा. मुले आपल्याला प्रेमाने सांभाळतीलच. पण महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावावर चार पैसे जमा झाले, तर त्यांचाही भार हलका होईल.