काट्यापर्यंत गेलेली केबल

पुण्यात १९९३ साली पहिली नोकरी लागली तेव्हा साहेबांनी माझ्या हातात एक मल्टिमीटर, एक क्रिंपिंग टूल आणि कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी ठेवली. डबीत सहा टर्मिनेटर होते. "ही डबी घरी विसरलास तर पार्टीकडे जाऊच नकोस," एवढंच त्यांनी शिकवलं. बाकीचं काम करता करता शिकायचं होतं.

टर्मिनेटर म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी, आत ५० ओहमचा रेझिस्टर. तेव्हाचं नेटवर्क म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी एक काळी कोॲक्स वायर, या टेबलावरून त्या टेबलावर गेलेली. प्रत्येक कॉम्प्युटरमागे टी आकाराचा जोड, आणि वायरीच्या दोन्ही टोकांना हे टर्मिनेटर. टोक उघडं राहिलं की सिग्नल तिथे आपटून मागे फिरतो, समोरून येणाऱ्यात मिसळतो आणि सगळी मशिन्स एकदम मुकी होतात. या पातळ वायरीची मर्यादा १८५ मीटर आणि ३० जोड. मूळ कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांची, झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये मांडलेली: सगळ्यांची मिळून एक वायर. बोलण्याआधी ऐकायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं, आणि ज्याने त्याने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा सुरुवात करायची. इतकी सभ्य यंत्रणा मी त्याआधी पाहिली नव्हती. आजही ती मला फार आवडते.

या रचनेमुळे बिघाड शोधायचा म्हणजे माणसांत शिरावं लागे. झाडणाऱ्या मावशींनी टेबल सरकवलं, कॅशियरने पाय लांब केले, की अख्खी शाखा बंद. प्रत्येक पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय?' असा प्रश्न येऊन थांबलेला. मग मी एकेका टेबलाखाली रांगत जायचो. कोण डब्यात काय आणतं, कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मला वायरीच्या क्रमाने पाठ होतं. नेटवर्क कार्डांवरचे जंपर बदलायचे, आयआरक्यू ३ ठेवला तर दुसऱ्या सिरियल पोर्टशी भांडण, ५ ठेवला तर कधी दुसऱ्या प्रिंटरशी, हे सगळं पुस्तकात होतं. पण कुठल्या टेबलाची वायर रोज ओढली जाते, हे तिथे बसणाराच सांगायचा. एका कोपऱ्यात नॉव्हेल नेटवेअरचा सर्व्हर असायचा. कुणी हात लावला नाही की त्याच्या पडद्यावर एक साप फिरू लागे. सर्व्हरवरचं काम वाढलं की तो लांबायचा. सापाची लांबी बघून मी सांगू शकायचो की अकाउंट्सवाल्यांनी महिनाअखेरीचा रिपोर्ट लावलाय.

सगळ्यात जास्त आठवतो तो दक्षिण महाराष्ट्रातला एक साखर कारखाना. साल १९९५, जानेवारी, गाळप जोरात. वजनकाट्याचा आकडा सिरियल वायरीने काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यायचा, आणि तिथून कोॲक्सने शेती खात्यातल्या सर्व्हरवर. संध्याकाळी निरोप आला की काटा बंद पडलाय. स्वारगेटवरून एसटी पकडली, पोचेपर्यंत रात्रीचे अकरा.

यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. हाताने पावत्या लिहून काम चालवता आलं असतं, पण ते कुणालाच नको होतं. काट्यावर वजन मारतात ही शेतकऱ्याची जुनी शंका. म्हणून तर कॉम्प्युटरची छापील पावती आणली होती. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय गप्प बसून होता. एक गाडीवान जवळ येऊन म्हणाला, "सायेब, ऊस वाळतोय, वजन घटतंय. जरा बगा की." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. तोडलेल्या उसातलं पाणी तासातासाला उडतं आणि पैसे मिळतात ते वजनावर. माझी केबल तुटली होती आणि त्याचा ऊस हलका होत होता.

शेती खात्यातल्या टीवर मल्टिमीटर लावला. दोन्ही टर्मिनेटर जागेवर असतील तर ते समांतर येतात आणि मीटर २५ ओहम दाखवतो. मला ५० दिसले, म्हणजे एक बाजू तुटलेली. अकाउंट्सकडची वायर सोडवून मोजली, ती ठीक होती. राहिली काट्याकडची, सव्वाशे मीटर, मधे एकही जोड नाही.

बॅटरी घेऊन भिंतीने, गोदामाच्या पन्हळीखालून, वायरीवरून हात फिरवत निघालो. बरोबर चिटबॉय. रस्ता ओलांडताना वायर दोन खांबांवरून गेली होती आणि मधे झोळ पडला होता. तो म्हणाला, दुपारी एका ट्रकचा वाढ्याचा भारा तिथे अडकला होता. खालून बघितलं तर वायर अखंड दिसत होती. शिडी लावून वर चढलो, बोटांनी चाचपली, तर एका जागी ती लिबलिबीत लागली. वरचं काळं आवरण शाबूत, आतली तांब्याची तार ओढ बसून तुटलेली. एका ट्रॅक्टरवाल्याने न सांगता ट्रॅक्टर वळवला आणि हेडलाइट माझ्यावर धरला. तो उजेड, खाली उभी माणसं, उसाचा गोडसर आंबूस वास, आणि थंडीने न वळणारी बोटं. वायर कापली, दोन कनेक्टर बसवले, मधे जोड घातला, टेप आणि प्लॅस्टिक गुंडाळलं. खाली येऊन मोजलं: २५. पहिली पावती छापली गेली तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. गाडीवानाने ती उजेडात धरून वाचली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि बैल हाकले.

त्या कारखान्यात पुढेही जावं लागलं, बहुतेक वेळा विजेमुळे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, मधे तांब्याची वायर. वळवाच्या पावसात वीज जवळ कडाडली की काट्याचं कार्ड जळायचं. दर मे महिन्यात मी दोन कार्डं बॅगेत टाकूनच निघायचो. वायरीला एकाच टोकाला अर्थ दिला तरी प्रश्न सुटला नाही.

दरम्यान जग बदलत होतं. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी एर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या नेटवर्कवर ऐंशीच्या दशकापासून ई-मेल चालवत होते, पण आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, आणि मॉडेमची शीळ ऐकत बसणं हा आमच्या कामाचा भाग झाला. कोॲक्स जाऊन हब आले, आठ रंगीत तारांचा क्रम तोंडपाठ झाला. पुढे ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइन आणि सिस्कोचे २५०१ राउटर. तिथेही माणूस भेटलाच: टेलिफोन एक्स्चेंजमधला लाइनमन. त्याला लाइन पडल्याचा फोन केला की तो त्याच्या टोकाला दोन तारा जोडायचा आणि सांगायचा, "लूप दिला, बघा." माझ्या पडद्यावर 'लूप्ड' आलं की तिथपर्यंतची तार चांगली. मग तो पुढच्या पेटीकडे सायकलवरून जायचा आणि पुन्हा फोन. एका रात्रीत आम्ही दोघांनी असे चार किलोमीटर पार केले. त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही, पण त्याचं खोकणं मला आजही ओळखू येईल.

२००० च्या सुरुवातीला कारखान्याने काट्यापर्यंत फायबर टाकायचं ठरवलं. फायबर म्हणजे काच, ती वीज वाहत नाही, हे सांगून मीच संचालकांना पटवलं होतं. या वेळी वायर रस्त्यावरून न नेता खालून पाइपातून नेली. जुनी कोॲक्स उतरवताना तो पाच वर्षांपूर्वीचा जोड सापडला, प्लॅस्टिकवर माझीच गाठ. सहज मोजला, अजून पक्का होता.

त्या वर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे तो चिटबॉय होता. आता तो काट्यावरचा कॉम्प्युटर चालवत होता. पीसीओवरून बोलत असावा, मागे पावसाचा आवाज होता. म्हणाला, "सायेब, वळीव झाला. दोनदा जवळच कडाडली. कार्ड शाबूत हाय, म्हनून मुद्दाम फोन केला."