शहरातली रात्रपाळी

वन्य प्राणी शहरात परत आले, असे विधान २०२० च्या उन्हाळ्यात इतक्या वेळा झाले की ते निर्विवाद सत्य म्हणूनच रूढ झाले; परंतु त्या दिवसांत मोबाईलवरून फिरलेल्या चित्रफिती आणि पुढील तीन-चार वर्षांत प्रसिद्ध झालेले संशोधन शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतले पुष्कळसे प्राणी कुठून परतले नव्हते, कारण ते मुळात कुठे गेलेच नव्हते, असे दिसून येते. बदलली होती ती त्यांची बाहेर पडण्याची वेळ. आणि या वेळापत्रकाकडे, विशेषतः मुंबईतील बिबट्याच्या वेळापत्रकाकडे, पाहिल्याशिवाय त्या उन्हाळ्याचा उलगडा होत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कोविडच्या साथीमुळे भारतात २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच सुमारास जगातील बहुतेक मोठ्या शहरांचे रस्ते ओस पडले. ख्रिश्चन रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये या स्थितीला ‘अँथ्रोपॉज’ हे नाव सुचवले. माणसाच्या हालचालींना, विशेषतः प्रवासाला, जगभर एकाच वेळी पडलेला खंड असा त्याचा अर्थ.

त्या काळातील बातम्यांची आधी निवड-पाखड करायला हवी. काही बातम्या धादांत खोट्या होत्या: व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याचे सांगणारी चित्रफीत सार्डिनिया बेटावरील बंदराची होती, आणि कालव्यांचे पाणी नितळ दिसू लागले ते होड्यांची वर्दळ थांबल्यामुळे गाळ तळाशी बसला म्हणून. केरळातील मेप्पयूर येथे भरदिवसा रस्ता ओलांडणारा प्राणी अतिदुर्मीळ मलबारी जवादी मांजर असल्याचा गवगवा झाला. प्रत्यक्षात ते भारतभर आढळणारे लहान जवादी मांजर होते. दुसऱ्या प्रकारचे प्राणी भुकेपोटी रस्त्यावर आले. जपानमधील नारा येथे कासुगा देवस्थानाचे दूत मानली जाणारी हजारावर हरणे पर्यटकांनी भरवलेल्या बिस्किटांवर वाढलेली, तर थायलंडमधील लोपबुरी येथील माकडे भाविकांच्या आणि प्रवाशांच्या दातृत्वावर पोसलेली. भरवणारे हात नाहीसे झाल्यावर हरणे बाजारपेठेत शिरली आणि माकडांच्या टोळ्या भर चौकात एकमेकींवर तुटून पडल्या. हे निसर्गाचे पुनरागमन नसून आश्रितांची उपासमार होती.

वेल्समधील लॅनडडनो या समुद्रकाठच्या गावात शिरलेल्या शेळ्यांची कथा या दोहोंत बसत नाही, पण ती वगळणे जिवावर येते. ग्रेट ऑर्म नावाच्या टेकडीवरून शंभराहून अधिक शेळ्या गावात उतरल्या आणि त्यांनी दारापुढची कुंपणे व फुलझाडे मनसोक्त फस्त केली. या शेळ्या काश्मिरी वंशाच्या. पश्मिना लोकरीच्या हव्यासापायी ही जात युरोपात नेली गेली आणि विंडसर येथील राजघराण्याच्या कळपातून एकोणिसाव्या शतकात त्यांचे पूर्वज या टेकडीवर पोहोचले. एरवीही वादळी हवेत त्या पायथ्याशी येतच. त्या वर्षी त्यांना हुसकावणारे कोणी नव्हते, एवढाच फरक.

तिसरा प्रकार, मुळात तिथेच राहणाऱ्या प्राण्यांचा, सर्वांत मोठा, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. मुंबईत बाबुलनाथजवळील पारशी वसाहतीच्या रस्त्यावर मोर नाचताना दिसले, तेव्हा ते कोठून आले असे अनेकांनी विचारले. वास्तविक तेथून जवळच असलेल्या डुंगरवाडीच्या, म्हणजे पारशी समाजाच्या अंत्यविधीस्थानाच्या, झाडीत मोरांची वस्ती फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात एप्रिल २०२० मध्ये वनरक्षक रिचर्ड सावरी यांनी भरदुपारी डांबरी रस्त्यावर झोपलेल्या सिंहांची छायाचित्रे घेतली, तीही जगभर गाजली. परंतु ते सिंह त्याच परिसरातले होते, आणि रस्त्यावर येऊन पहुडणे त्यांना नवे नव्हते, फक्त एरवी ते रात्री येत.

माणसाच्या सान्निध्यात सस्तन प्राणी निशाचर होत जातात, ही गोष्ट टाळेबंदीच्या दोन वर्षे आधीच मोजली गेली होती. केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ६२ प्रजातींवरील ७६ अभ्यास एकत्र करून असे दाखवले की माणसाच्या वावरामुळे प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट होते. म्हणजे जो प्राणी मोकळ्या रानात आपला वावर दिवस आणि रात्र यांत समसमान वाटून घेतो, तो माणसांजवळ ६८ टक्के वावर रात्रीकडे ढकलतो. मुंबईच्या गिरणगावातील चाळींत एकच खोली पाळीपाळीने वापरली जाई, दिवसपाळीचा कामगार बाहेर पडला की रात्रपाळीचा तिथेच पथारी टाकी, आणि कित्येकदा दोघांची गाठही पडत नसे. शहरातील माणूस आणि श्वापद यांचा सहवास नेमका या धर्तीचा आहे. टाळेबंदीत दिवसपाळी बंद पडली आणि रात्रपाळीचा भाडेकरू उजेडी दिसला.

हा भाडेकरू सर्वांत ठसठशीतपणे भेटतो तो मुंबईत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला बोरिवली आणि मालाड, पूर्वेला मुलुंड आणि भांडुप, उत्तरेला घोडबंदर, दक्षिणेला आरे वसाहत, असे ते चहूबाजूंनी वेढलेले आहे. या उद्यानात व लगतच्या भागात २०१५ च्या गणनेत ३५ आणि २०१८ च्या गणनेत ४७ बिबटे नोंदले गेले. ही गणना ‘कॅमेरा ट्रॅप’ने होते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर कॅमेरे बांधतात, आणि उष्ण शरीर पुढून सरकले की ते आपोआप छायाचित्र घेतात. कॅमेरे दोन लागतात, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरील ठिपक्यांची नक्षी उजवीपेक्षा वेगळी असते आणि दोन्ही बाजू हाती आल्याखेरीज ओळख पक्की होत नाही. छायाचित्राच्या कडेला तारीख आणि वेळ उमटते, आणि गणनेइतकीच मोलाची माहिती या कोपऱ्यातल्या आकड्यांत असते, कारण सकाळी जिथून माणसे फिरायला जातात त्याच वाटेवर काही तासांपूर्वी कोण चालून गेले, हे तिथे कळते. कॅमेरा नसला तरी ओल्या मातीत खूण सापडते: कुत्र्याच्या पावलापुढे नखांचे टोचे उठतात, तर बिबट्या नखे आत ओढून चालत असल्याने त्याचा ठसा गोल आणि बिननखी असतो.

बिबट्या शहराच्या इतक्या जवळ टिकतो याचे मोठे कारण कचरा. उकिरड्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. २०१८ मधील एका अभ्यासाने असा अंदाज बांधला की मुंबईतील बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री मारतात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे सुमारे १,००० प्रसंग टळतात. या कुत्र्यांसाठी तो सोसायटीच्या भिंतीपर्यंत येतो, पण येतो तो निजानीज झाल्यावर. अकोले तालुक्यातील ऊसशेतीत बिबट्यांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे, म्हणजे उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा सांगणारी यंत्रे, बसवली, तेव्हाही हेच आढळले: माणसे जागी असेतोवर हे प्राणी दूर राहत आणि रात्री घरांच्या अगदी निकट वावरत.

म्हणून टाळेबंदीत बिबटे वाढले, ही समजूत टिकत नाही. मादीचा गर्भकाळच सुमारे तीन महिन्यांचा असतो आणि पिल्ले दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात. काही आठवड्यांत संख्या वाढणे केवळ अशक्य. वाढल्या त्या खिडक्यांत उभ्या राहून बाहेर पाहणाऱ्या माणसांच्या नजरा. मात्र हालचाल खरोखर बदलली, हेही मान्य करावे लागते. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ४३ प्रजातींच्या सुमारे २,३०० सस्तन प्राण्यांच्या पट्ट्यांवरील नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यानुसार कडक टाळेबंदीच्या भागांत प्राण्यांची दहा दिवसांतील लांब पल्ल्याची मजल ७३ टक्क्यांनी वाढली आणि ते रस्त्यांच्या ३६ टक्के अधिक जवळ वावरले.

या शेजाराची जाण शहराला नवी असली, तरी वारली, महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांना ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबा या व्याघ्रदेवाची शंभराहून अधिक स्थाने आहेत. लाकडाच्या किंवा दगडाच्या उभ्या फळीवर वाघाची आकृती कोरलेली, तिच्या जोडीला चंद्र-सूर्य, कित्येकदा नाग, आणि त्यावर शेंदराचे थर. तिथे वाघ आणि बिबट्या असा भेद फारसा केला जात नाही. शहरी घरांत दिवाळीच्या तोंडावर वसुबारस साजरी होते, तेव्हाच डोंगरपट्ट्यात वाघबारस असते. कोंबडा-बकऱ्याचा मान दिला जातो आणि गुराढोरांना सांभाळ अशी विनवणी केली जाते. त्यात वाघाने निघून जावे अशी मागणी नसते. तो राहणार हे गृहीत धरून त्याच्याशी केलेला हा करार आहे.

हा करार मोडण्याचा प्रयोग जुन्नर वनविभागात झाला आणि तो अंगलट आला. तेथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ झाली. घर सुटलेला प्राणी अनोळखी मुलखात बिथरतो आणि परतीची वाटही धरतो. २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नराला, ज्याला पुढे ‘आजोबा’ हे नाव पडले, माळशेज घाटात पट्टा बांधून सोडण्यात आले. तो सुमारे १२० किलोमीटर चालून, वसईची खाडी पोहून, थेट मुंबईच्या उद्यानात पोहोचला, आणि वाटेतल्या हजारो माणसांपैकी एकालाही त्याने इजा केली नाही. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. पण तो स्वतः २०११ मध्येच महामार्गावर वाहनाखाली मेला होता. सगळेच बिबटे आजोबासारखे निरुपद्रवी असतात असे मात्र मानू नये. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरे वसाहतीत माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, आणि अंधाऱ्या वाटा, उघडा कचरा व घराबाहेरील शौचाला जाणे यांची किंमत आदिवासी पाड्यांवरील माणसांनीच अधिक मोजली.

त्या उन्हाळ्यातून घ्यायचा धडा, माणसाने घरात बसावे म्हणजे निसर्ग फुलेल, असा भाबडा नव्हे. शहरात जागा वाढवता येत नाही. वेळ मात्र वाटून घेता येते. कर्नाटकातील बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांची गावे त्यामुळे ओस पडलेली नाहीत. घोडबंदर मार्गावर आणि आरेतून जाणाऱ्या रस्त्यांवर निदान मध्यरात्रीनंतर वेगाला लगाम घालणे, कचरा सायंकाळपूर्वी उचलणे, पाड्यांत दिवे आणि घरोघर शौचालये पुरवणे, यांतील एकाही कामासाठी महामारीची गरज नाही. महापालिकेच्या विकास आराखड्यात जमिनीचा वापर चौरस मीटरने ठरतो. त्याच्या जोडीला तासांचाही एक रकाना असावा, ही मागणी वनखात्यापेक्षा आता नागरिकांनीच लावून धरायला हवी.