दुपारचं ऊन आणि फरशीवरचा टप्पा

आजचा भाग खास आपल्या अमरावती-अकोल्याच्या भरतीवाल्या पोरापोरींसाठी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की सकाळी आठनंतर मैदानावर उभं राहवत नाही. मग पहाटेचं धावणं कसंबसं होतं, दुपार मोबाईलवर जाते आणि हळूहळू सगळा नेमच तुटतो. माझाही असाच एक उन्हाळा वाया गेला. पुढच्या उन्हाळ्यात नेम टिकला तो बाउन्स जगलिंगमुळे.

हे काय असतं? नेहमीच्या जगलिंगमध्ये चेंडू वर उडवतात, इथे खाली टाकतात. फरशीवर टप्पा पडतो, चेंडू वर येतो आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. चेंडू डोक्याच्या वर जातच नाही, म्हणून पंखा चालू ठेवून खोलीत जमतं. घरात शहाबादी फरशी असेल तर उत्तमच. फक्त खाली भाडेकरू राहत असतील तर दुपारच्या झोपेची वेळ टाळा!

आता चेंडू. टेनिसचा चेंडू घेऊ नका. नियमाप्रमाणे तो २५४ सेंटीमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटीमीटरच उसळतो, म्हणजे जेमतेम निम्म्याच्या वर. हातापर्यंत आणायला तो जोरात आपटावा लागतो. दुकानातच परीक्षा घ्या: रबरी चेंडू छातीपासून सोडा, कमरेपर्यंत आला तर घ्या. एकसारखे तीन.

सुरुवात एकाच चेंडूने. कमरेच्या उंचीवर हात ठेवून चेंडू पायांच्या थोडा पुढे, मधोमध टाका, म्हणजे तो दुसऱ्या हाताकडे जातो. मग दोन. पहिल्याचा टप्पा ऐकू आला की दुसरा सोडा. एक मीटरवरून चेंडू खाली यायला साधारण ०.४५ सेकंद लागतात, वर यायला जवळपास तेवढेच. म्हणजे कान हेच तुमचं घड्याळ. चेंडू एकमेकांना धडकतात? झेललेला चेंडू थोडा पोटाकडे आणून सोडा. दोन सलग वीस वेळा जमले की तिसरा घ्या.

आता खरं सांगतो. याने १६०० मीटरची वेळ कमी होत नाही, गोळाही लांब जात नाही. धावणं आणि ताकदीचा व्यायाम आपल्या जागी राहणारच. हे दहा मिनिटांचं काम आहे, तेही व्यायामाच्या आधी किंवा दुपारी. पुशअप्सने हात थरथरत असताना केलं तर चुकीचीच सवय लागते. आणि कमरेत वाकून उभे राहू नका. गुडघे सैल, पाठ सरळ.

मग फायदा काय? हाताला वेळेचं भान येतं, डावा हात कामाला लागतो आणि लक्ष एका जागी टिकतं. २००४ साली ‘नेचर’मध्ये जर्मनीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. तीन महिने तीन चेंडूंचं नेहमीचं जगलिंग शिकलेल्यांच्या मेंदूत, हलत्या वस्तू ओळखणाऱ्या भागात वाढ दिसली. सराव थांबवल्यावर ती घटली. म्हणजे इथेही नेमच मोठा.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही, बावा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ ला ऑलिम्पिकच्या वेळी त्यांचं पथक बर्लिनला जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मल्लखांबावर नुसती ताकद चालत नाही, तोल आणि वेळही लागते. आपण जिममध्ये आकडे मोजता मोजता हेच विसरतो.

तर उद्या दुपारी ऊन तापलं की मोबाईल बाजूला ठेवा आणि एक चेंडू फरशीवर टाका. आमचा भाग ऐकत ऐकत केलं तरी चालेल, फक्त आवाज कमी ठेवा. टप्पा ऐकू आला पाहिजे!