चेतक आणि बुलेट : आधी आवाज ऐका!

हेडफोन लावलेत ना? मग आधी हे ऐका.

(दोन इंजिनांचे आवाज, एकापाठोपाठ)

पहिली बजाज चेतक, दुसरी जुनी साडेतीनशेची बुलेट. दोघींत सिलिंडर एकच, मग आवाजात एवढा फरक का? तर चेतक टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दर फेरीला एक स्फोट. बुलेट फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांना एक. उभी बुलेट मिनिटाला समजा 900 फेऱ्या घेतेय, तर सेकंदाला साडेसातच ठोके पडतात. शिवाय पिस्टन मोठा. 70 मिलिमीटर व्यास, 90 मिलिमीटर स्ट्रोक, मिळून 346 सीसी. चेतकचं इंजिन 57 बाय 57, जेमतेम 145 सीसी.

बुलेटचा रुबाब मला मान्य आहे. सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराला दणकट गाडी हवी होती, त्यातून ती भारतात आली आणि 1955 च्या सुमारास मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला. पण डोकं कुणात जास्त लावलंय म्हणाल, तर माझं मत चेतकला.

चेतक आली 1972 मध्ये, पण तिची मूळ रचना इटलीच्या व्हेस्पाची. ती करणारा कोराडिनो दास्कानियो हा विमानं-हेलिकॉप्टरवाला इंजिनिअर, आणि गंमत म्हणजे मोटारसायकल त्याला आवडायचीच नाही! चेनचं ग्रीस कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढायचा वैताग. म्हणून त्याने चेनच काढून टाकली. इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलं आणि दोन्ही चाकं एकाच बाजूने धरली, विमानाच्या चाकासारखी. नट सोडले की चाक हातात. पुढची-मागची चाकं एकाच मापाची, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हींना चालते. लुगडं-साडी नेसून मागे बसणाऱ्या आपल्या आज्यांना, आयांना याचा किती उपयोग झाला असेल बघा.

दोष आहेतच. इंजिन उजव्या बाजूला, म्हणून वजन तिकडे जास्त. चाकं दहा इंची, खड्ड्यात आदळतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, म्हणजे धूर आलाच.

तरीही जुनी बुलेट लोक हौसेने रंगवून घेतात आणि चेतक जिन्याखाली गंजत पडते. मला ते खटकतं. तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी निदान एकदा कार्ब्युरेटर साफ करून किक मारून बघा.

आणि कुणाची जुनी बुलेट मागून चालवणार असाल, तर हे नीट ऐका. तिचा गिअर उजव्या पायाला असतो, ब्रेक डाव्या. घाबरून सवयीने उजवा पाय दाबलात तर गाडी थांबणार नाही, गिअर बदलेल. चेतकचा गिअर डाव्या मुठीत, मागचा ब्रेक उजव्या पायाला. कुठलीही घ्या, आधी मोकळ्या मैदानात दहा-बारा वेळा थांबवून बघा, मगच ट्रॅफिकमध्ये काढा.